काढून पाहिले

बॅटऱ्या तपासण्याच्या खोलीतल्या तंत्रज्ञाला दोन वर्षांनी आठ दिवसांची रजा मिळणार होती. अट एकच: दुपारच्या तपासणीत त्याचा लोड पास व्हायला हवा. हा लोड टेकून बसायचा नव्हे. बॅटरीतून ठरलेला करंट, ना कमी ना जास्त, पीत राहणारी ती एक पेटी. प्यायचं आणि तापायचं, एवढंच तिचं काम. साहेबांचंही साधारण तेच होतं, पण त्यांची तपासणी होत नसे.

यंदा फॉर्मात नवा रकाना आला होता: 'हा भाग का निवडला?' पेटी बनवली होती निवृत्त झालेल्या काकांनी. तंत्रज्ञाने त्यांना फोन लावला.

"काका, हिशेबाने तीन वॉटचा रेझिस्टर पुरतो. तुम्ही दहाचा का लावलात?"

"अरे, लावला, चालला. मग कशाला हात लावू?"

हे कारण रकान्यात लिहिण्यासारखं नव्हतं. साहेब म्हणाले, "ज्याचं कारण सांगता येत नाही ते बदला. सुंठीवाचून खोकला जाईल."

त्याने तीन वॉटचा लावला. तो दहा मिनिटांत इतका तापला, की करंटचा आकडा सरकायला लागला. मुकाट्याने जुना परत बसवला. तेवढ्यात साहेबांना एक चिमुकला कपॅसिटर दिसला.

"हा काय करतो?"

"काही करताना दिसत नाही, साहेब."

"मग ठेवलाय कशाला?"

कपॅसिटर निघाला. पेटी बारीक शिट्टी मारू लागली, करंट वेड्यासारखा वरखाली झाला, ट्रान्झिस्टर फट्कन फुटला आणि खोलीत धूर कोंडला. साहेबांनी तातडीने दार उघडलं आणि त्यातून ते निघून गेले.

मुख्य कचेरीचे तपासनीस यायला चाळीस मिनिटं उरली होती. तंत्रज्ञाने नवा ट्रान्झिस्टर लावला, कपॅसिटर जागेवर ठेवला आणि फॉर्म पुढे ओढला. तो इतका थकला होता, की खोटं रचायचंही त्राण नव्हतं. रेझिस्टरसमोर त्याने लिहिलं, 'लहान लावून पाहिला. तापला.' कपॅसिटरसमोर, 'काढून पाहिला. शिट्टी, मग धूर.' उष्णता काढणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीसमोर, 'बोट लावून पाहिले.'

साहेबांना सोबत घेऊन आलेल्या तपासनीसांनी फॉर्म दोनदा वाचला.

"पुस्तकातून उतरवलेली कारणं वाचून वीट आलाय," ते म्हणाले. "प्रत्येक भाग कशाला आहे हे खरंच कळलेला माणूस आज पहिल्यांदा भेटला." त्यांनी सही केली आणि तंत्रज्ञाचा जीव भांड्यात पडला.

मग ते साहेबांकडे वळले. "आपल्या सहा शाखांत अशाच जुन्या पेट्या आहेत. यांना सोमवारपासून तिकडे पाठवा."

"अवश्य," साहेब म्हणाले. "रजेचं काय, मागाहून बघता येईल."

त्याने घरी फोन केला.

"झालं का मंजूर?" बायकोने विचारलं.

"झालं."

"रजा ना?"

"लोड."

"दोन्ही बॅगा भरून ठेवल्यात मी. उपसू का?"

"तुझी उपस," तो म्हणाला. "माझी राहू दे."