तांबोळींचं ‘पुन्हा’

सोमवारी सकाळी सलीम तांबोळी यांनी आपल्या मुलीला नापास केलं. कारण दिलं नाही.

मुलगी आफ्रीन, इंजिनिअर. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर तिला नोकरी लागली होती. रिगवर हेलिकॉप्टरने जातात, आणि ते पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं हे शिकून पास झाल्याशिवाय कोणाला त्यात बसू देत नाहीत. पुण्याला समुद्र नाही. पण वाघोलीच्या पुढे एक खोल टाकी आहे आणि त्या टाकीवर तांबोळी शिकवतात. आफ्रीनला पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. नाही झाली तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

तांबोळी वारज्यात आमच्या समोरच्या दारात राहतात. जन्म कसबा पेठेतला, त्यामुळे बोलणं थोडकं आणि लागेल असं. पहिल्यांदा चहाला आले तेव्हा उंबऱ्यावरच थांबून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “बाहेर पडायचं कुठून?” मी म्हटलं, आत्ता आलात तिथूनच. “ते अडकलं तर?” गॅलरीच्या दारापुढे आमचा सोफा होता. तो सरकवल्यावर चहा झाला. सोफा अजून तिरपाच आहे.

टाकीवरचं काम असं. एका लोखंडी केबिनमध्ये माणसांना खुर्चीला पट्ट्याने बांधतात. केबिन पाण्यात उतरवतात आणि उलटी करतात. आतल्या माणसाने एक हात खिडकीवर ठेवून श्वास धरायचा, केबिन पूर्ण उलटून स्थिर होईपर्यंत हलायचं नाही, मग खिडकी ढकलायची आणि पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा. आधी सोडला की माणूस आतल्या आत तरंगतो आणि खिडकी कुठे होती तेच त्याला कळत नाही. असं झालं की तांबोळी आवाज न चढवता “पुन्हा” म्हणतात. का पुन्हा, हे मात्र जेवणाची सुट्टी खाऊन समजावतात.

या चुकीचं मूळ त्यांच्या मते पुण्याच्या सिटी बसमध्ये आहे. आपला स्टॉप यायच्या एक स्टॉप आधी उठून दारात उभं राहायचं, हे इथे लहानपणीच अंगात मुरतं. पट्ट्याची घाई करणाऱ्याला ते ‘दारातला’ म्हणतात. नाशिकचे, नगरचे लोक घाई करत नाहीत का, असं मी विचारलं होतं. “करतात. पण त्यांना नंतर लाज वाटते.”

स्वतः ते बस पूर्ण थांबल्याखेरीज उठत नाहीत. एकदा डेक्कनहून आम्ही एकत्र येत होतो. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. आमचा स्टॉप आला, माणसं उतरली, बस निघाली, तेव्हा तांबोळी अर्धे उठले होते. पुढच्या स्टॉपवरून चालत परत यावं लागलं. वाटेत ते म्हणाले, बस नीट थांबलीच नाही. मी म्हटलं, थांबली आणि गेलीसुद्धा.

“म्हणजे नीट थांबली नाही.”

गणेशोत्सवात सोसायटीने त्यांना दहा मिनिटं दिली, ही चूक सोसायटीची. त्यांनी कार्यकारिणीला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं, ओढण्यांनी कमरेशी बांधलं आणि डोळे मिटून मांडवाची वाट शोधायला सांगितलं. मधेच कॉफी आली आणि अध्यक्षांनी गाठ सोडली. तांबोळी म्हणाले, “पुन्हा.” आरती उशिरा झाली.

असा माणूस सोमवारी ‘पुन्हा’ म्हणून गप्प बसला, तेव्हा इमारतीत दोन मतं झाली. एक, आफ्रीन दारातली निघाली. दोन, बापाला मुलगी पाठवायचीच नाही. संध्याकाळी तांबोळींच्या पत्नी झरीनाभाभी आमच्याकडे आल्या. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी पेपरात नोकरीला होतो, तेव्हा कारण मी काढावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आफ्रीन त्यांच्यामागेच उभी होती.

“काका, मी पट्टा शेवटीच सोडला. माझं काय चुकलं तेवढं सांगा म्हणावं. पाठवायचं नसेल तर तसं बोला. टाकीच्या आड कशाला लपता?”

तांबोळी खाली पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होते. पुसलेलीच पुसत होते. पट्टा आधी सोडला का, असं मी विचारलं. माहीत नाही, म्हणाले. खिडकी चुकली? तेही माहीत नाही. आता मात्र माझा संयम संपला.

“अहो, परीक्षक तुम्ही. समोर होतात ना?”

“होतो.” त्यांनी फडकं घडी करून सीटवर ठेवलं. “केबिन कलायला लागली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आफ्रीन काठाला आली होती.”

इतकी वर्षं ते माणसं उलटी करत आहेत. याआधी असं झालं होतं का, असं मी विचारलं. नाही, म्हणाले. मग मी म्हटलं, सुखरूप वर आली, त्याअर्थी बरोबरच केलं असणार, पास करून टाका.

“पाहिलं नाही ते पास कसं करू, संपादक?” मी संपादक कधीच नव्हतो; हे त्यांना अनेकदा सांगून झालं आहे.

तसं तिला सांगा, मी म्हटलं. तिचा काय समज झालाय ठाऊक आहे का, असं विचारून मी आफ्रीनचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. फडकं सीटवरच राहिलं. तांबोळी जिन्याने वर गेले.

त्यांनी जेवताना सगळं सांगितलं, असं झरीनाभाभींकडून दुसऱ्या दिवशी कळलं. आफ्रीन आधी चिडली, मग ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

गुरुवारी परीक्षा पुन्हा झाली. परीक्षक म्हणून तांबोळींनी देवकर या सहकाऱ्याला उभं केलं होतं. मी हजर होतो. तांबोळी टाकीकडे पाठ करून भिंतीशी उभे राहिले. केबिन पाण्यात गेली, कलली, उलटली. स्थिर झाल्यावर खिडकी निघाली आणि आफ्रीन बाहेर आली. देवकर म्हणाले, “पास.”

तांबोळी वळले नाहीत. भिंतीकडे बघतच त्यांनी मला विचारलं, “तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं.”

“कशी आली?”

मी खिडकीपासून काठापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आफ्रीन मुंबईहून हेलिकॉप्टरने निघाली आणि त्याच दुपारी रिगवर रुजू झाली.