अंबूबाईंनी ओ दिली

धनाजीला शेती आवडत नव्हती असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल. शेती त्याला मनापासून आवडायची, फक्त ती पडद्यावरची. विंझरला त्याच्या घरामागे तीन खाचरं भाताने पिवळी झाली होती, बायको सुलक्षणा रोज विळा घेऊन कापणीला जात होती, आणि धनाजी ओट्यावर बसून मोबाईलवर एका नव्या गेमची जाहिरात पुन्हा पुन्हा बघत होता. त्यात दोनशे एकर रान होतं, लाल ट्रॅक्टर होता, बसल्या जागी पीक कापणारं यंत्र होतं. कंबर वाकवायची नव्हती, आणि बांधावरून कुणी "अवं, हात चालवा की जरा" म्हणणार नव्हतं.

धनाजी हायस्कुलात क्लार्क. दिवाळीची सुट्टी लागलेली. हा गेम खेळायचाच, एवढं त्याने ठरवलं. माणसाने इतकंसं काही ठरवावं आणि आठ दिवसांत घरात आईच्या शेवटच्या लुगड्याची चर्चा सुरू व्हावी, हे त्याच्याच नशिबी.

अडचण एकच होती. त्याचा कॉम्प्युटर नऊ वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हाही दुकानातला सगळ्यांत स्वस्त. एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन होई, दोन उघडायच्या म्हटल्या तर जेवण. "शाळेच्या पोर्टलचं काम घरून करायचं आलंय," त्याने सुलक्षणाला सांगितलं, "मशीन वाढवून आणतो." (पोर्टल म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. खरं तर त्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं.) मग कॅबिनेट गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, नसरापुरात उतरून जीप धरून तो कापूरहोळला नागसेनच्या दुकानात पोचला.

नागसेनने झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. "भाऊसाहेब, ह्याला गेम खेळाय लावू नका, ह्याला इश्रांती द्या."

"वाढवता येतंय का न्हाई, ते सांग."

"येतंय की. रॅम टाकू, जुनं ग्राफिक कार्ड हाय माझ्याकडं, आनि ही डिस्क लावू. डिस्क कुणाचीतरी वापरलेली हाय, पुसून देतो. दोन तास लागत्याल."

"दोन तास? चालतीय ना ती? मग लाव तशीच."

"आनि ह्ये चालू करायचं बटण आत गेलंय. मी अशी सेटिंग करतो, भिंतीवरलं बटण दाबलं की मशीन आपसूक सुरू."

"कर, कर," धनाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे लाल ट्रॅक्टर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. सुलक्षणा खाचरात, आई अंबूबाई शेजारी. धनाजीने दार लोटलं, गेम लावला आणि काय सांगावं, ते मशीन खरोखर पळालं! ट्रॅक्टर रानात उतरला, नांगराला माती लागली, धनाजीला आयुष्यात पहिल्यांदा शेतकरी झाल्यासारखं वाटलं. आणि मग स्पीकरमधून एक बाई बोलली.

"सावळाराम धोंडिबा. आत या."

आवाज सपाट होता, मध्ये श्वास घेतल्याची खूण नव्हती. धनाजीला वाटलं, गेम मराठीत आहे. तेवढ्यात पुन्हा तेच. "सावळाराम धोंडिबा. आत या." थोडं थांबून तिसऱ्यांदा. मग शांतता.

सावळाराम धोंडिबा म्हणजे पलीकडच्या आळीतले सावळारामतात्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. धनाजीने स्वतः खांदा दिला होता.

त्याने मान न वळवता नुसते डोळे दाराकडे नेले. ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठलं होतं. उंबऱ्याकडे बघत ते दोन पावलं बाजूला सरकलं, कुणाला वाट द्यावी तसं, आणि परत बसलं. (बाकी सगळ्याचा उलगडा पुढे झाला. कुत्र्याचा अजून झालेला नाही.)

शहाण्या माणसाने तिथेच मशीन बंद करून कापूरहोळ गाठलं असतं. पण धनाजीचं गेममधलं पीक पेरून झालं होतं, ते टाकून जाववेना. त्या दुपारी बाई परत बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं आणि चार-दोन मिनिटांत, "ठकुबाई गेनू. आत या." तीनदा. ठकुबाई गेल्या त्याला दोन पावसाळे झाले होते. हयातीत त्या चोवीस तास मिसरी लावायच्या, आणि आता भर उन्हात धनाजीच्या नाकात मिसरीचा वास भरला. तिसऱ्या दिवशी सोनबा. ते दम्याने गेलेले. त्यांच्या नावाची तिसरी हाक संपायला आणि खिडकीखाली कुणीतरी खोकायला एकच गाठ पडली. धनाजी खुर्चीवर पाय वर घेऊन बसला. खाली शेळी होती, हे कळायला त्याला पाऊण तास लागला.

घरात बोलायची सोय नव्हती. बोलावं तर पोर्टलमध्ये ट्रॅक्टर कशाला, हा प्रश्न आधी आला असता.

आता अंबूबाईंचा एक नियम सांगायला हवा. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. भुताखेताला दोनदाच हाक मारता येते, तिसरी हाक जित्या माणसाचीच. आणि एकदा का भलत्या हाकेला ओ दिली, की माणूस त्याच्या मागे गेलंच. त्या घरात पन्नास वर्षं हा नियम कडक पाळला जात होता. पोस्टमन दोन हाका मारून कंटाळून निघून जाई आणि पत्रं मारुतीच्या देवळात सापडत.

चौथ्या दिवशी धनाजीने भिंतीवरलं बटण दाबलं, तर लाईटच नव्हती. धनाजी वैतागून मार्गासनीला चहा प्यायला गेला. बटण बंद करायचं राहिलं. बाराच्या सुमाराला अंबूबाई एकट्याच घरात तांदूळ निवडत होत्या, तेव्हा लाईट आली. आतल्या खोलीत काहीतरी घरघरलं, बंद दाराच्या फटीतून निळा उजेड पडला, आणि एक बाई म्हणाली, "अंबूबाई चिमाजी. आत या."

अंबूबाईंचा हात सुपात थांबला. घरात कुणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरी हाक आली. त्या गप्प. मग तिसरी हाक आली. तिसरी म्हणजे जितं माणूस, हा त्यांचाच नियम.

"ओ," अंबूबाई म्हणाल्या आणि दार उघडून आत गेल्या. खोलीत कुणीही नव्हतं.

धनाजी परतला तेव्हा आई कोपऱ्यात अंथरूण घालून भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुलक्षणा हातातला विळाही न ठेवता शेजारी बसली होती.

"म्या ओ दिली रं," अंबूबाई म्हणाल्या. "तिनं आत बोलावलं, म्या गेले. आता झालं माझं."

"कुनी बोलावलं, आये?"

"ते कळाया हवं का आता? माझं ठिवनीतलं लुगडं नेसवा मला. आनि रडू नगा लई, मला डोकं दुखतं."

त्यांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी पाणीही नुसतं ओठाला लावलं. डॉक्टर आणतो म्हटलं तर मान हलवली. सुलक्षणाने चुलीशी तोंड लपवून पदर डोळ्यांना लावला. आई बघता बघता लहान दिसायला लागली होती, आणि हे आपण त्या ट्रॅक्टरपायी केलं, हे त्याला आतून कळत होतं. त्याने मोटारसायकल काढली ती थेट कापूरहोळला नेऊन थांबवली.

नागसेनने नावं ऐकली आणि कपाळाला हात लावला. "भाऊसाहेब, ती डिस्क मार्गासनीच्या दवाखान्यातली हो! डॉक्टर पाच वर्षांमागं पोराकडं गेले, तवा सामान माझ्याकडं आलं. नंबर आला की हाक मारनारी मशीनमधली बाई म्याच बसवून दिलती, अगदी शेवटच्या आठवड्यात. रांगेतले चार पेशंट राहिलेले दिसतात. मशीन सुरू झालं की एकेकाला बोलावतीय, तीनदा. कुनी आलं न्हाई की फुडच्या येळी म्होरलं नाव. म्हातारी मानसं, गेली असत्याल मदल्या काळात. म्या पुसतो म्हनलं हुतं, तुमीच..."

"मीच," धनाजी म्हणाला. नागसेनने डिस्कवरची दवाखान्याची दप्तरं कशी उघडायची ते दाखवून दिलं.

घरी येऊन त्याने कॉम्प्युटर आईच्या अंथरुणापाशी आणून मांडला. गेमचंही कबूल करून टाकलं. सुलक्षणाने त्याच्याकडे असं बघितलं की ट्रॅक्टरचा विषय तिथेच संपला नाही, पुढे ढकलला गेला, हे त्याला समजलं. "ह्ये बग आये, दवाखान्याची यादी. सावळारामतात्या, ठकुबाई, सोनबा, तू. तुझ्याम्होरं लिवलंय, गुडघा दुखतो."

अंबूबाईंनी मान थोडी वळवली. "तिगं कुठं हायेत?"

"न्हाईत."

"मग? मेलेल्यांचीच यादी हाय ती. जित्या मानसाचं एक नाव दाव." आणि त्यांनी तोंड परत भिंतीकडे केलं.

नागसेनने शोधायची चौकट दाखवलेली होती. धनाजीने घाईघाईने शेजारच्या पप्पूचं नाव टाकलं. सापडलं नाही. पप्पू रेड्यासारखा धडधाकट, तो कशाला दवाखान्यात जातोय! सुलक्षणाचं टाकलं. सापडलं नाही.

"म्या कवा गेले तितं?" सुलक्षणा म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. "अवं, तुमी गेलावता की! माज्या भावाच्या लग्नात, पोट दुखलं तवा. टाका तुमचं."

धनाजीचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. त्या दवाखान्यात तो एकदाच गेला होता, तेही मागच्या दाराने. त्याचं बोलणं ऐकून डॉक्टर हसत होते आणि हसता हसता काहीतरी टाईप करत होते, हे त्याला आत्ता आठवलं.

"माझं नसंल त्यात," तो म्हणाला.

"बगा," भिंतीकडून आवाज आला. अगदी बारीक आवाज होता. "जित्याचं न्हाईच त्यात."

धनाजीने आईच्या पाठीकडे बघितलं. चोळीतून हाडं वर आली होती. त्याने डोळे मिटले आणि आपलं नाव टाकलं.

पडदा भरला. धनाजी वाचायला पुढे झाला. "सरका, म्या वाचते," सुलक्षणा म्हणाली आणि तिने मोठ्याने वाचलं. सासूबाईंना नीट ऐकू जावं म्हणून जरा जास्तच मोठ्याने.

"धनाजी चिमाजी. वय पस्तीस. तक्रार, पोटात कळ. तपासणी, पोट उत्तम. पेशंटला मेव्हण्याच्या लग्नात वाढपी व्हायचे नाही. बायकोला दाखवण्यासाठी गोळ्या हव्यात. साखरेच्या दिल्या."

सुलक्षणाने ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. सख्ख्या भावाची हळद सोडून ती चार दिवस ह्या माणसाला पेज भरवत बसली होती. तिने आत्तापर्यंत कोपऱ्यात टेकवलेला विळा सावकाश उचलला, धनाजीच्या मांडीवर ठेवला आणि खाचराच्या दिशेने बोट केलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

अंथरुणावर हालचाल झाली. अंबूबाई हाताचा टेका घेऊन उठून बसल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग सुनेकडे, मग विळा मांडीवर घेऊन बसलेल्या लेकाकडे खूप वेळ.

"सुलक्षणा, भाकर वाढ मला," त्या म्हणाल्या. "एवढ्यात न्हाई जायची म्या. ह्याचं आता काय व्हतंय, ते बगायचंय."