चिंचेखालचा रॅक

आमच्या वडप्याच्या गोदामात मोबाइलचे चार्जर रॅक नंबर चौदाला असतात. पण काशीतात्यांना विचाराल तर ते म्हणतील, "चिचंखाली हायेत." हेअर ड्रायर खळ्यात, बाळांचे डायपर बांधावर. गोदाम तात्यांच्याच विकलेल्या शेतावर उभं आहे, आणि ही बातमी त्यांनी अजून मनावर घेतलेली नाही.

एवढं सोडलं तर माणूस भलताच कामाचा. इतर पोरं स्कॅनर घेऊन माल शोधत असतात, तोवर तात्या दोन गाड्या भरून तंबाखू मळत बसलेले असतात. म्हणूनच तर बारा वर्षं ते हमालच राहिले. ज्याला काम येतं त्याला वर बसवलं तर खाली काम कोण करणार, हा आमच्या कंपनीचा साधा विचार. तात्यांच्या हाताखाली शिकलेले तिघे त्यांचेच साहेब झाले. तिसऱ्याने तर मुंबईच्या ऑफिसला फोनवर ठणकावून सांगितलं, "माल खळ्यात आहे, सर." त्यालाही पुढची बढती मिळाली.

मी इथे कारकून. बढतीचे फॉर्म मीच भरते. यंदा मी हट्टालाच पेटले आणि सुपरवायझरसाठी तात्यांचं नाव पुढे रेटलं. जागा शेलार गावच्या गोदामात, पगार दीडपट. फक्त अर्ध्या तासाची चाचणी होती, यादीतला माल काढून दाखवायचा. तात्यांना ते डोळे बांधून जमलं असतं.

चाचणीच्या दिवशी पाच जणांत तात्यांचा नंबर पाचवा. स्कॅनर उलटा धरून फिरले, चार्जर मागितले तर डायपर घेऊन आले. साहेब माझ्याकडे बघून हसले. माझा नुसता जळफळाट झाला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं. रॅक चौदाला टेकून भाकरी खात होते.

"तात्या, मुद्दाम केलंत ना? माझं नाक कापलंत!"

"रागावू नको, बाय. तुजी काकी हितंच भाकर घेऊन यायची, चिचंखाली. चिच गेली, मंग ती बी गेली. पन हितं बसलो का ती हाय असं वाटतं. शेलारला माजं कोन हाय?"

त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी रॅकला टेकून ती खाल्ली.

साहेबांच्या सांगण्यावरून मी आजवर कितीतरी खोटे शेरे लिहिलेत. त्या दुपारी पहिल्यांदाच एक खोटा शेरा मनापासून लिहिला: 'कामात फार मंद. बढतीस अपात्र.'