कलकत्त्याचा रहाट, दादरचा माणूस

तुळशीदास राऊतांनी शिमग्याच्या आधीच सगळ्या दादरला सांगून टाकलं होतं, की यंदापासून आपल्या वाडीत लाकडी रहाट कुरकुरणार नाही. आता विहिरीवर लोखंडी रहाट बसणार, आणि तोसुद्धा थेट कलकत्त्याचा! मुंबईत कोटातल्या दुकानांत तसले रहाट मिळत नव्हते असं नाही. पण दोन कोसांवरून आणलेल्या वस्तूचं कौतुक ते काय, असं तुळशीदासांचं मत होतं. वस्तू जितकी लांबची तितकी चांगली. बायकोसुद्धा त्यांनी पार वसईपलीकडून, केळव्याहून केली होती, आणि हे उदाहरण ते दमयंतीबाईंच्या समोरच अभिमानाने देत.

रहाटाची जाहिरात त्यांना वाचून दाखवली ती उत्तमने. उत्तम म्हणजे दमयंतीबाईंचा धाकटा भाऊ. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता, त्यामुळे घरातलं इंग्रजी त्याच्याकडे. जाहिरातीत रहाटाचं सुंदर चित्र होतं, पण तुळशीदास भाळले ते चित्राखालच्या मजकुरावर. वर्षभराची हमी होती. काही बिघडलं तर कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाच्या गावातच हजर असेल आणि एक पैसा न घेता दुरुस्त करून देईल, असं लिहिलं होतं. तेवढा भाग त्यांनी उत्तमकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला आणि पुढे आठवडाभर भेटेल त्याला ऐकवला. माल कलकत्त्याचा, माणूस दादरचा. यापरतं सुख कोणतं? आता हा दादरचा माणूस राहतो कुठे, हे विचारावं असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रहाट खोक्यांतून आला. मेहुण्या-मेहुण्यांनी चित्र समोर धरून तो जोडला, आणि नवल म्हणजे तो चालला. दातेरी चाक फिरलं, साखळीला लावलेले पत्र्याचे डबे ओळीने विहिरीत उतरले आणि भरून वर आले. बघायला आलेल्या लोकांनी माना डोलावल्या. तुळशीदासांच्या अंगात त्या दिवशी असा काही उत्साह संचारला, की संध्याकाळी त्यांनी जुना लाकडी रहाट मोडून गावच्या होळीला देऊन टाकला. बापाच्या वेळचं सागवान ते, रात्रभर जळत होतं. एवढी थोर होळी दादरने पूर्वी पाहिली नव्हती. सकाळी बायका तिची राख भांडी घासायला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून घोटाळा सुरू झाला, तो बैलापासून.

सोन्या बैलाची सगळी हयात लाकडी रहाटाच्या कुरकुरीत गेली होती. कुरकुर चालू असली की चालायचं आणि थांबली की थांबायचं, एवढंच तो शिकला होता. लोखंडी रहाट तेल प्यायलेला, त्याला आवाज म्हणून नाही. सोन्या चार पावलं चाले, कान टवकारून ऐके, आणि आज लवकर सुटी झाली असं समजून उभा राही. गोंजारून झालं, ओरडून झालं, शेपटी पिरगाळून झाली. शेवटी तुळशीदास स्वतःच त्याच्या मागे चालू लागले आणि तोंडाने कुरकुरू लागले. "कुर्रर्र-कुईं, कुर्रर्र-कुईं." सोन्या खूश झाला. पाणी धो धो येऊ लागलं. मोगरा भिजला, पानवेल भिजली, आणि तुळशीदास घामाने भिजले. कुणी भेटायला आलं की दमयंतीबाई चेहरा जराही न हलवता सांगत, "ते मागे आहेत. रहाट झालेत."

असे काही दिवस गेले आणि तुळशीदासांचा घसा बसला. त्या सकाळी त्यांच्या तोंडून नुसती हवा निघत होती. सोन्या थांबला. तेवढ्यात शेजारच्या वाडीतला लाकडी रहाट सुरू झाला आणि त्याची खणखणीत कुरकुर सोन्याच्या पाठीमागून आली. आपला रहाट इतके दिवस कुठे गेला होता ते त्या मुक्या जनावराला एकदम कळलं असावं. तो गर्रकन उलटा वळला आणि जोरात निघाला. आता कलकत्त्याच्या रहाटाला उलटं फिरण्याची परवानगी नव्हती. आतून कडाड असा आवाज झाला, दातेरी चाकाचे दोन दात उडाले आणि डबे जिथल्या तिथे लटकत राहिले.

चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. मोगरा ऐन कळीवर होता, आणि पानवेलीला दोन दिवस पाणी चुकलं की ती मान टाकते. जुना रहाट म्हणावा तर त्याने दादरची भांडी लख्ख केली होती. घरातल्या सगळ्यांनी पहाटेपासून दोरी-पोहरा घेऊन पाणी शेंदायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी दमयंतीबाईंच्या तळहातांना फोड आले.

तुळशीदास मात्र निर्धास्त होते. हमी होती ना. उत्तमने कलकत्त्याला लिहिलं आणि उत्तर आलं, की दादरच्या आमच्या माणसाला कळवलं आहे, काळजी नसावी. तेव्हा तुळशीदास त्या माणसाची वाट पाहू लागले. वाट पाहून कंटाळले तेव्हा शोधायला निघाले. स्टेशनात विचारलं, देवळात विचारलं, भोईवाड्यात घरोघर विचारलं. डिलाईल रोडला गिरणीतला एक फिटर म्हणाला, की आणा ते चाक, मी बघतो. पण तुळशीदासांनी त्याला चाकाजवळ फिरकू दिलं नाही. परक्याचा हात लागला तर हमी जाईल, अशी त्यांना धास्ती. पानवेल पिवळी पडली तरी चालेल, हमी हिरवी राहिली पाहिजे, असा तो सगळा प्रकार होता.

आणि एका सकाळी तो माणूस खरोखर आला.

अंगात स्वच्छ अंगरखा, डोक्याला पागोटं, हातात जड पोतं. फाटकातूनच त्याने विचारलं, तुळशीदास राऊत इथेच राहतात का, मी कलकत्त्याच्या रहाटाच्या कामासाठी आलोय. तुळशीदास धावतच सामोरे गेले. पोत्यात हत्यारं असणार हे त्यांनी ओळखलं. पाहुण्याला पाटावर बसवलं, शहाळं दिलं. नाव गंगाधर चुरी, येणं माटुंग्याहून. उन्हातून आलेल्या माणसाला लगेच कामाला कसं जुंपायचं, म्हणून जेवायचा आग्रह झाला. दमयंतीबाईंनी फोड आलेल्या हातांनी सरंगा माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. पाहुणे पोटभर जेवले. जेवताना ते सारखे म्हणत होते, की कलकत्त्याच्या कंपनीबद्दल माझं मत वाईट झालं होतं, पण इतकी उत्तम व्यवस्था असेल असं वाटलं नव्हतं. तुळशीदास विनयाने हसत होते.

विडे झाल्यावर मंडळी विहिरीवर गेली. गंगाधररावांनी रहाटाभोवती एक फेरी मारली आणि हात मागे बांधून उभे राहिले. तुळशीदासही हात मागे बांधून उभे राहिले.

"घाला की हात," शेवटी तुळशीदास म्हणाले.

"मी?"

"मग कोण?"

"अहो, हात तुम्ही घालायचा. मी आपला बघतो." असं म्हणून गंगाधररावांनी पोतं उघडलं आणि त्यातून पत्र्याचा एक चेपलेला डबा काढून तुळशीदासांच्या पायाशी ठेवला. "एवढाच हाताला लागला. बाकीची साखळी विहिरीच्या तळाला आहे."

"आमची साखळी तर शाबूत आहे."

"तुमची असेल हो. माझी तुटली. मी कलकत्त्याला कळवलं, तर त्यांनी तुमच्याकडे पाठवलं. दादरचे तुळशीदास राऊत, आमचा माणूस, म्हणाले."

विहिरीच्या काठावर दमयंतीबाई पाणी शेंदत होत्या. त्यांचा हात दोरीवर तसाच थांबला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "भोईवाड्यात घरोघर शोधला तो माणूस रोज इथेच जेवत होता."

उत्तमला बोलावणं गेलं. त्याने डोकं खाजवत सांगितलं, की खोक्यात एक छापील कागद होता खरा. त्यात कंपनीने भावोजींना 'आमचे दादरचे माणूस' असं म्हटलं होतं. मोठ्या कंपन्या गिऱ्हाइकाला प्रेमाने तसं लिहीत असतील, असं त्याला वाटलं. पण एका भागात जो पहिला रहाट घेईल तोच त्यांचा माणूस, असा कंपनीचा साधा हिशेब होता. तुळशीदासांची तक्रार कंपनीने तुळशीदासांकडेच सोपवली होती आणि ते ती निस्तरत नाहीत म्हणून बहुधा नाराजही होती.

सांगता सांगता उत्तमला हसू फुटलं. गंगाधररावांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. हमी म्हणजे हमी, दुरुस्ती झाल्याशिवाय मी हलणार नाही, असं सांगून ते आंब्याखाली आडवे झाले. माटुंग्याला त्यांचीही वांगी करपत होती. दोघांची बाचाबाची दिवस कलला तरी चालली होती. ती थांबवली दमयंतीबाईंनी. त्या म्हणाल्या, "ह्यांचं चाक धड आहे, आपले डबे धड आहेत. दोन मोडक्यांचा एक चांगला होईल की. एक दिवस त्यांनी वापरावा, एक दिवस आपण."

तसंच ठरलं. रहाट एक दिवस दादरला, एक दिवस माटुंग्याला, असा बैलगाडीतून हिंडू लागला. सोबत गंगाधररावांचा बैलही येऊ लागला. तो ठार बहिरा होता, त्यामुळे तुळशीदासांच्या घशाला आराम पडला. पानवेलीने मान वर केली. मोगऱ्याचा उरलासुरला बहर हाती लागला. इथवर सगळं झकास झालं.

पण रहाट असा रस्त्याने मिरवत निघाल्यावर त्याची कीर्ती व्हायची ती झालीच. माहीमहून एक जण वाकडा कणा घेऊन आला. शीवहून एक आला. वरळीच्या म्हाताऱ्याने तर काम होईपर्यंत मुक्कामाची तयारी म्हणून घोंगडी बरोबर आणली होती. सगळे कलकत्त्याचे गिऱ्हाईक, सगळ्यांना कंपनीने तुळशीदासांचं नाव दिलेलं, आणि येत सगळे नेमके जेवणाच्या वेळेला. दुरून आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? तुळशीदास प्रत्येकाची तक्रार ऐकत, मोडकं लोखंड हातात घेऊन गंभीरपणे मान हलवत आणि म्हणत, "आधी जेवून घ्या."

अखेर एक दिवस दोघांचा रहाट माटुंग्याला गेलेला असताना तुळशीदासांनी आपलं दात पडलेलं चाक फडक्यात गुंडाळलं आणि कुणाला न सांगता लालबागची वाट धरली. तिथे लोखंड ओतणारा एक कारखाना होता आणि त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. हमी गेली खड्ड्यात, पदरचे पैसे घालून नवं चाक ओतून घ्यायचं, असा निश्चय करून ते आत शिरले.

कारखानदाराने चाक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"कलकत्त्याचं ना हे? ह्यात मी हात घालत नाही. तुम्ही असं करा, दादरला जा. तिथे तुळशीदास राऊत म्हणून आहेत, ते हे फुकट करून देतात."

तुळशीदासांनी चाक पुन्हा फडक्यात गुंडाळलं. गाठ मारता मारता त्यांनी अगदी परक्या आवाजात विचारलं, "काम कसं आहे त्यांचं?"

"काम अजून कुणी पाहिलेलं नाही," कारखानदार म्हणाला. "पण सरंगा फार छान मिळतो म्हणतात."

घरी आले तेव्हा दमयंतीबाई विहिरीवर होत्या. लालबागला कुणी भेटलं का, असं त्यांनी विचारलं. तुळशीदास कुठे गेले होते हे त्यांना कसं कळलं, हे विचारायची तुळशीदासांची छाती झाली नाही. एका माणसाचं नाव दिलंय, एवढंच ते म्हणाले.

"बरा आहे का तो माणूस?"

"लोक चांगलं बोलतात त्याच्याबद्दल," तुळशीदास म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "फक्त त्याची बायको कंटाळली असेल."

"असेल कशाला, कंटाळली आहे," दमयंतीबाई म्हणाल्या आणि पोहरा त्यांच्या हातात देऊन सावलीत जाऊन बसल्या.