ब्रेकरवाले पुणतांबेकर

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी साडेसात वाजता, पुणतांबेकर आमच्याकडे येतात आणि घरातली वीज घालवतात. घालवायलाच येतात. बेल वाजवतात, रबरी चपला न काढता तसेच आत शिरतात, मीटरशेजारच्या पेटीचं झाकण उघडतात आणि आतल्या ब्रेकरवरचं चाचणीचं पिवळं बटण दाबतात. खट्! पंखा थांबतो, मिक्सरमधली चटणी अर्धवट राहते, आणि न्हाणीघरातून आमचे हे हाका मारू लागतात. पुणतांबेकर मात्र डोळे मिटून तो आवाज मनात मुरवत उभे. मग खटका वर करतात, वहीत बरोबरची खूण करतात आणि म्हणतात, "तंदुरुस्त आहे, वहिनी."

मी नाही. ब्रेकर तंदुरुस्त आहे.

नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत अठ्ठावीस घरं, आणि हा गृहस्थ अठ्ठावीस घरांत हेच करत फिरतो. बाकीचं उज्जैन सकाळी उठून महाकालाच्या दर्शनाला जातं, हे मीटरच्या पेट्यांच्या दर्शनाला. समोरचे शर्माजी त्यांना लांबून पाहूनच दाराला कडी लावतात. बायका म्हणतात, "लो, आ गए बत्तीवाले अंकल." कुणी बोलावलेलं नसतं, पण त्यामुळे पुणतांबेकरांना आजवर काही फरक पडलेला नाही.

देवासच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं ब्रेकरची रचना करत होते. रोज देवास गेटवरून बस पकडायची, दिवसभर काडेपेटीएवढ्या डबीच्या आत काय काय बसवायचं त्याचा विचार करायचा आणि संध्याकाळी परत यायचं. निवृत्त झाले तेव्हा कारखाना सुटला, डबी सुटली नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी एकदा जुना ब्रेकर फोडून मांडला होता. ही पट्टी तापली की वाकते, ही गुंडाळी जोराचा झटका आला की ओढते, आणि ह्या पातळ पत्र्यांच्या चवडीत ठिणगी शिरली की तिचे तुकडे होऊन ती विझते. "आणि ही अडकण बघा. हिचा कोन अर्धा अंश कमी की जास्त, ह्यावर आम्ही दोन वर्षं भांडलो."

"दोन वर्षं!" मी म्हणाले. "तेवढ्यात माझं बीएड झालं."

त्यावर त्यांनी मला खटका वर दाबून धरायला लावला. "धरा घट्ट. आता हा पडला तर खटका तुमच्या हातात वरच राहील, पण आतून सुटलेला असेल. माणूस हट्टाने धरून ठेवणार, ह्याचा विचार केलाय त्यात."

"तुमच्या हट्टाचा विचार कुणी केला नाही वाटतं," असं मी म्हटलं, पण ते पोळीचा तुकडा मोडून गुंडाळी कशी ओढते ते ह्यांना दाखवत होते. पोळी माझी होती.

माणसंसुद्धा ते ब्रेकरसारखीच ओळखतात. ब्रेकर म्हणे तीन तऱ्हांचे. बी टाइप थोड्याशा झटक्याने पडतो, सी मध्यम सोसतो आणि डी मोटर सुरू होतानाचा मोठा धक्काही गिळून टाकतो. "वहिनी, तुम्ही बी. आणि हे," आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवून, "शुद्ध डी." तीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवलेल्या बाईला तिच्याच घरात, तिचाच चहा पिऊन हे ऐकवायचं! आणि आमचे हे खूश. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी त्यांचं शुद्ध म्हणून कौतुक केलं होतं.

ब्रेकर पडला म्हणून कुणी वैतागलं की पुणतांबेकरांचं एकच उत्तर: "पडला की पावला!" हिंदी शेजाऱ्यांसाठी त्याचंच "गिरा, तो समझो बचा." मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, पंखा बंद पडून अंगातून धारा लागलेल्या माणसाला हे सांगायला एक विशेष निर्लज्जपणा लागतो. तो त्यांच्याकडे मुबलक आहे. त्याच मे महिन्यात, नळाला एक दिवसाआड पाणी येत असताना, हे महाशय बादली घेऊन प्रत्येक घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात. माती सुकली की म्हणे अर्थिंग काम करत नाही. शर्माजींच्या बायकोला पहिली दोन वर्षं वाटत होतं की ही मराठी लोकांची कसलीतरी पूजा असेल. तिने एकदा हळदकुंकूही वाहिलं.

लग्न त्यांचं झालं नाही, आणि का झालं नाही हे मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं. फ्रीगंजमध्ये एका घरी मुलगी बघायला गेले. पोहे आले, मुलगी आली, आणि पुणतांबेकरांची नजर भिंतीवरच्या फ्यूजवर. उठले, फ्यूज काढला, तर आत बारीक तारेऐवजी चांगली जाड, काही झालं तरी न वितळणारी तांब्याची तार. मुलीच्या वडिलांना म्हणाले, "ह्या घरात हिला एक दिवस ठेवू नका. आजच्या आज मामाकडे पाठवा." वडिलांनी ह्यांनाच पाठवलं. त्यानंतर कुठे बघायला गेल्याचं ऐकिवात नाही.

तर असा माणूस माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या वाटेत आला.

मुक्ताचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं होतं. साखरपुडा होऊन मोडलं होतं, म्हणजे गावभर चर्चा. त्यानंतर तीन वर्षं तिने विषय काढू दिला नाही. आता इंदूरचं स्थळ आलं, मुलगा तिला मनापासून आवडला, पण मुलाची आई शकुन-अपशकुन पाहणारी. उजवा डोळा, मांजर, शिंक, सगळं. साखरपुडा आमच्याच घरी, संध्याकाळी पाच वाजता, पंचवीस माणसं. आणि चार दिवस आधीपासून आमचा ब्रेकर पडायला लागला. कूलर लावला की खट्. ऐन ओटी भरताना दिवे गेले तर त्या बाई काय म्हणतील, ह्या विचाराने मला झोप येईना.

पुणतांबेकर आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ब्रेकरचा दोष नाही. कूलरचा पंप गळतोय, वीज पत्र्यात उतरतेय. पंप बदला. पडला की..."

"पावला, माहीत आहे!" मी ओरडले. पंप बाजारात नव्हता, दुसरा कूलर भाड्याने मिळत नव्हता, लग्नसराई होती, आणि त्या उकाड्यात पंचवीस माणसं कूलरशिवाय बसवणं शक्य नव्हतं. शेवटी साखरपुड्याच्या सकाळी मी त्यांना न सांगता फ्रीगंजमधून इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने दहा मिनिटांत ब्रेकरच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडल्या. "डायरेक्ट कर दिया, भाभीजी. अब भगवान भी नहीं गिरा सकता." मी त्याला पेढा दिला.

पुणतांबेकरांना बोलावणं होतं. शेजारी म्हणून न बोलावून कसं चालेल? आले, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर, पायात तीच रबरी चप्पल. आल्या आल्या पेटीचं झाकण उघडून पाहिलं. खटका खाली आणि कूलर चालू. त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, हे डायरेक्ट..."

मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. दारात इंदूरच्या गाड्या लागत होत्या. "एक शब्द नाही," मी म्हणाले. "आज ह्या घरातला दिवा गेला, कूलर थांबला, किंवा तुमच्या तोंडून पाहुण्यांसमोर वीज हा शब्द निघाला, तर पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. पहिल्या तारखेला नाही, दिवाळीला नाही, कधीच नाही."

ते बाहेर निघून गेले. मला वाटलं, मी जिंकले.

पाच मिनिटांनी बाहेर येऊन पाहते तर पुणतांबेकर कोपऱ्यातला जादा लाकडी पाट घेऊन कूलरसमोर आलेले. पाट जमिनीवर ठेवला, त्याच्यावर उभे राहिले, कूलरकडे पाठ आणि दोन्ही हात जरा पसरलेले. शेतातलं बुजगावणं! मुलाच्या आईने विचारलं, "हे असे का उभे?" मी म्हटलं, "पाठ धरते त्यांची." वारा अडतोय म्हणून पाहुणे रुमालाने वारा घेऊ लागले. आमचे हे म्हणाले, "बसा ना, पुणतांबेकर." ते म्हणाले, "उभाच बरा आहे." खुर्ची दिली, घेतली नाही. फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, थोड़ा साइड में." अंकल हलले नाहीत. सरबत दिलं तर तेही हातात धरून तसेच उभे. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

मुलाच्या बहिणीची तीन वर्षांची मुलगी, पिहू, सारखी कूलरकडे धावत होती. कूलरच्या जाळीतून पाणी ठिबकत होतं आणि तिला त्यात हात घालायचा होता. हात आधीच सरबताने ओले. पाच-सहा वेळा ती आली आणि प्रत्येक वेळी पुणतांबेकरांनी तिला गुडघ्याने अडवून मागे वळवलं. शेवटी तिला शर्टाची बटणं मोजायला लावली. सहा बटणं, ती चारपर्यंत येऊन पुन्हा एकपासून सुरू करायची. लहान मुलीला खेळूही देत नाही हा माणूस, असं मी त्या वेळी विहीणबाईंच्या कानात म्हणालेसुद्धा.

दिवे गेले नाहीत. अंगठ्या झाल्या, ओटी भरली, मुक्ता हसत होती. साडेसात वाजता इंदूरच्या गाड्या निघाल्या आणि मी वळले ती थेट पुणतांबेकरांवर. "झालं समाधान? अडीच तास माझी शोभा केलीत. काय मिळालं?"

पाटावरून उतरताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला, पाय सुजले होते. खिशातला टेस्टर काढला आणि कूलरच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला. मग त्यांनी कूलरचा प्लग ओढून काढला.

मला पिहूचे ओले हात आठवले. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, माझ्या घरात, मी पेढा देऊन लावलेली वीज. मला रडू आलं आणि रडता रडता रागही आला.

"मग बोलला का नाहीत? ओरडायचं होतं! दिवे घालवायचे होते!"

"तुम्ही दार बंद करणार म्हणालात." ते टेस्टर खिशात ठेवत होते आणि तो खिशात जात नव्हता. "वहिनी, अठ्ठावीस घरं आहेत. बाकी सगळीकडे मी उभ्या उभ्या बटण दाबून निघतो. बसा म्हणणारं घर हे एकच. म्हटलं, उभं राहिलं की मूलही सांभाळलं जाईल आणि दारही."

मी आजवर त्यांना प्रेमाने बसा म्हटल्याचं मला आठवेना. दर वेळी वैतागून, चहाचा कप आदळतच म्हटलं होतं. ते त्यांना पुरत होतं.

मुक्ताने त्यांचं पान वाढलं. त्यांनी पुरणपोळी खाल्ली, मठ्ठा मागून घेतला आणि इलेक्ट्रिशियनने तारा कशा वाकड्या जोडल्यात ह्यावर ते अर्धा तास बोलले. मी ऐकून घेतलं.

आठवड्याने फोटोग्राफरचा फोन आला. "आंटीजी, वो पीछे वाले अंकल हर फोटो में आ रहे हैं. दूल्हा-दुल्हन के बीच में खड़े दिखते हैं. हटा दूँ? कंप्यूटर पे दो मिनट का काम है."

"हात लावून तर बघ," मी मराठीतच ओरडले. मग त्याला कळावं म्हणून सांगितलं, "रहने दो, भैया. घर के हैं."