तोंडानं माग

चांगुणाआजी आमच्या पडवीत पहिल्यांदा बसली तेव्हा तिनं मला नावसुद्धा विचारलं नाही. मासळीची पाटी खाली ठेवली, माझी खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाली, "पांढरी फटक हाय. हिला काय वाऱ्यावर ठेवलीय?"

मला दिवस गेल्याचं तेव्हा मुंबईत गिरणीत असलेल्या माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. नागावात कुणाला कोरड्या उलट्या झाल्या की चांगुणाआजीला आधी कळे. कसं, देव जाणे.

त्या दिवसापासून मासळी विकून परतताना ती रोज आमच्याकडे थांबू लागली. पदराखालून फडकं निघे. त्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या, सोबत कधी मुडदुशा माशांचं कालवण, कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी. मी खाऊ लागले की ती समोर उकिडवी बसे. मी घास चावला की तिचं बोळकंही हले, रिकामंच. मी थांबले की तेही थांबे आणि डोळे वटारले जात. "चाव की. पोटातला काय हवा खातो?" मला हसू यायचं आणि हसताहसता घास खाली उतरायचा.

नाहीतर मला जेवण नकोसंच झालं होतं. माझं पहिलं मूल जन्मतःच गेलं, ओंजळीत मावेल एवढं. त्यानंतर ताट समोर आलं की वाटे, खायचं कुणासाठी? सासूबाईंनी त्या खेपेला मला अर्धपोटी ठेवलं होतं, तेही मायेनं. "पोर बारीक असलं की बाई लवकर सुटते," असं आमच्याकडे सगळ्याच म्हणत. आता मात्र चांगुणाआजी आली की त्या गप्प बसत. एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या त्या नव्हेत, म्हणून मला नवल वाटे.

आजीची एक खोड मात्र मला सोसवत नसे. पहिली भाकरी ती न मागता द्यायची, दुसरी फडक्यात झाकून ठेवायची. "तोंडानं माग. मागल्याबिगर देनार न्हाय." मागितली की दोन्ही हातांनी पुढे धरायची. "घे गो बाय, घे." गावातल्या प्रत्येक गर्भारणीकडून ती असंच वदवून घेई.

आठव्या महिन्यात माझे पाय सुजले, डोकंही तापलेलं असे. एक दिवस मी म्हणाले, "मी भिकारीण नाही, आजी. द्यायची तर दे, नाहीतर घेऊन जा."

ती उठली. फडकं बांधून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"तिची सून गेली, ठाऊक हाय तुला? आठवा महिना होता. पोरीनं एक भाकरी जास्त मागितली. चांगुणा म्हणाली, न्हाय, पोर मोठं होईल, अडशील. भाकरी शिंक्यावर ठेवली. पोरगी परत मागायला भ्याली. बाळंतपणात कळ सोसायला अंगात जोरच न्हवता. दोघंबी गेली."

मग खाली बघत म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या खेपेला चांगुणा मला हेच सांगायला आली होती. मी तिला दारातूनच लावून दिली."

त्या पहिल्या मुलासाठी आमच्या घरात कुणी मोठ्यानं रडलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही दोघी रडलो. संध्याकाळी सासूबाई स्वतः कोळीवाड्यात गेल्या आणि आजीला घेऊन आल्या. मी तोंडानं भाकरी मागितली.

मला मुलगी झाली. चांगली जड, गळा काढून रडणारी. आजी तिला बघायला काही खोलीत येईना. पाचव्या दिवशी आली ती दाराबाहेरच बसली, फडकं मांडीवर घेऊन. सासूबाईंनी नुकतंच मला पोटभर वाढलं होतं. आजीची पहिली भाकरी मी कशीबशी संपवली. आणखी घासाला जागा नव्हती.

"आजी," मी आतून म्हणाले, "भूक लागलीय गो. अजून एक दे."

बाहेर फडकं उलगडल्याचा आवाज आला. मग उंबऱ्याच्या आत दोन हात आले, भाकरी धरलेले.

"घे गो बाय," ती म्हणाली. "घे. कवाबी माग."