मान न हलवता हसा

रमाकांत बोधनकर नव्या माणसाला नाव विचारण्याआधी हसून दाखवायला सांगतात. बँकेतला रोखपाल, एसटीचा कंडक्टर, गॅस सिलिंडर आणणारा, कुणीही सुटत नाही. माणूस गोंधळून हसला की बोधनकर डोकं कलतं करून बघतात आणि निकाल देतात, "मान हलली."

नांदेडला आमच्या दैनिकाच्या कार्यालयासमोर त्यांचं लग्नपत्रिकांचं आणि टायपिंगचं दुकान आहे. समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट तेच सांभाळतात. मंडळ लातूरचं, बटणं नांदेडची. बटणं म्हणजे मुलामुलींचे फोटो. माऊसचा बाण फोटोवर नेला की गंभीर चेहरा हसतो, बाजूला घेतला की पुन्हा गंभीर होतो. दाबलं की शिक्षण, नोकरी, उंची, गोत्र असं परिचयाचं पान उघडतं.

चेहरा अर्थातच हसत नाही. एका फोटोच्या जागी दुसरा येतो, इतकंच. पण दोन्हींत डोळे, कान आणि खांदे जागच्या जागी असावे लागतात, नाहीतर हसता हसता चेहरा टुणकन उडी मारतो. म्हणून फोटो बोधनकर स्वतःच काढतात. उमेदवाराला स्टुलावर बसवतात, हनुवटी धरून सरळ करतात, धावत कॅमेऱ्यामागे जातात, समाधान झालं नाही की परत येऊन हनुवटी धरतात. मान न हलवता हसणं किती अवघड आहे, हे त्या स्टुलावर बसल्याशिवाय कळत नाही. मी बसलो आहे.

उदगीरच्या एका आडत्यानं मुलीचा हसरा फोटो काढू द्यायला नकार दिला. पोरगी दाखवायची आहे, नाटक नाही, असं त्याचं म्हणणं. बोधनकरांनी त्यालाच स्टुलावर बसवलं, दोन फोटो काढले आणि बाण फिरवायला दिला. आडत्या बराच वेळ स्वतःला हसवत बसला. शेवटी म्हणाला, "मी एवढा बरा दिसतो, हे घरी कुणी सांगितलंच न्हाई." दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आला.

एकदा चूकही झाली. लातूरच्या प्राध्यापकाच्या फोटोला धर्माबादच्या बँकेतल्या मुलाचं पान जोडलं गेलं. मुलीकडचे प्राध्यापक बघायला म्हणून धर्माबादला पोचले. तिथे दुसराच मुलगा निघाला. चहा झाला, बोलणी झाली आणि लग्नही तिथेच ठरलं. प्राध्यापक अजून वेबसाइटवर आहेत. तेव्हापासून बोधनकर दुकान उघडलं की उभ्या उभ्या सगळी बटणं दाबून बघतात. तसेही ते बसत नाहीत. चहाचा कप घेऊन दुकानात फेऱ्या मारतात आणि कप कुठे ठेवला ते गिऱ्हाइकांना विचारतात.

या खटाटोपाचं खरं कारण गल्लीत सर्वांना माहीत होतं. शैलाताई, त्यांची धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवतात, वय चाळिशीकडे झुकलेलं. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. आधी शैलाचं, मग माझं, असं म्हणत बोधनकरांनी पन्नाशी गाठली. काही वर्षांपूर्वी बघायला आलेल्या एका बाईंनी शैलाताईंच्या पुढच्या दातांबद्दल काहीतरी सुनावलं होतं. तेव्हापासून कॅमेरा दिसला की त्या ओठ मिटून घेत. एरवी त्यांचं हसू आमच्या कार्यालयात ऐकू येई. बोधनकरांचा हिशोब साधा होता. समाजातली सगळी मुलं-मुली हसायला लागली की शैलाही हसेल.

सगळा समाज हसला. शैलाताई स्टुलावर दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा ओठ मिटूनच बसल्या. भावाला म्हणाल्या, "दादा, तू मान बघ. तोंडाचं माझं मी बघते."

बोधनकरांनी ते दोन्ही फोटो लावले. शैलाताईंवर बाण नेला की काहीच होत नसे. फोटो बदलत असे, पण कळत नसे. मंडळाच्या सचिवांनी दोनदा कळवलं की हे बटण बंद आहे. बोधनकरांनी, बघतो, एवढंच उत्तर दिलं.

एका रविवारी मी दुकानात होतो. स्टुलावर हिंगोलीचा एक इंजिनिअर होता आणि त्याची हनुवटी बोधनकरांच्या हातात होती. फोन वाजला. तो शैलाताईंनी उचलला आणि दुकानाच्या रिवाजाप्रमाणे स्पीकरवर टाकला. निलंग्याहून कुणी पोलावार बोलत होते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, पत्नी वारलेली, हे सगळं त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं. मग म्हणाले, "तुमचं एक बटन बिघडलंय. बाकी समदे हसायलेत, ह्या एकच मॅडम हसनात."

बोधनकर हनुवटी धरून तसेच थिजले.

"बिघडलं नाही," शैलाताई म्हणाल्या. "तो फोटो माझा आहे. हसरा दिलेलाच नाही."

 पलीकडून आवाज आला, "मंग ऱ्हाऊ द्या. मला वाटलं माझाच माऊस गेला. दोन माऊस बदलून बघितले मी."

शैलाताई हसल्या. डोकं मागे टाकून, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इंजिनिअरची मान कुठल्या कुठे वळली होती. त्याला कुणी काही बोललं नाही.

पुढचं लवकर झालं. पोलावार आले, परत आले, आपल्या बहिणीला घेऊन आले. साखरपुडा ठरला. मंडळाचा नियम असा की लग्न ठरलं की त्याच दिवशी वेबसाइटवरून फोटो काढून टाकायचा. हा नियम बोधनकरांनीच घालून दिला होता आणि इतरांच्या बाबतीत ते पेढे यायच्या आत तो पाळत. बहिणीच्या बाबतीत आज लाइट नव्हती, उद्या नेट नव्हतं. शेवटी लातूरहून सचिवांचा फोन आला. मुलीचं ठरलेलं असताना आणखी दोन घरांनी चौकशी केली, हे शोभत नाही, असं ते जरा कडकपणे म्हणाले.

त्या दिवशी मी जाहिरातीचा मजकूर घ्यायला गेलो होतो. बोधनकरांनी मला थांबायला सांगितलं आणि खुर्ची ओढून संगणकासमोर बसले. शैलाताईंचा फोटो निवडला, काढून टाकला. पान क्षणभर कोरं झालं आणि पुन्हा उमटलं. फोटोंच्या ओळीत कुठे फट राहिली नव्हती.

"बघा पेपरवाले," ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "एक काढला की मागचे आपोआप पुढं सरकतेत. जागा मोकळी ऱ्हात न्हाई."

मी, हो, म्हणालो.

"घरी कोण हाय सरकायला?"